वाचकांचे प्रश्न : बत्तीस म्हणजे नेमके कोणते बत्तीस?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे लहान रिव्हॉल्वरच्या काडतुसांविषयी आहेत. ती वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आली असली तरी त्यांतला घोटाळा बहुतांशी एकच आहे, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. मी बरीच वर्षे शस्त्रविक्रीच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राहिलो आणि नंतर रायफल क्लबात नवशिक्यांना शिकवले, तेव्हा जे लिहितो आहे त्यातले बरेचसे हाताखालून गेलेले आहे.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांचे .३२ बोअरचे रिव्हॉल्वर रीतसर माझ्या परवान्यावर चढले. काडतुसे घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले. दोन्ही डब्यांवर .३२ असेच लिहिलेले होते. एक लांब आणि एक आखूड. आखूड काडतूस त्यांनी माझ्यासमोर रिव्हॉल्वरमध्ये बसवून दाखवले आणि ‘बसते म्हणजे चालते’ असे सांगितले. मी काहीच न घेता परत आलो. वडिलांच्या पेटीतही जुनी पाच काडतुसे आहेत. कोणते घ्यावे? (एक शेतकरी वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपण काही न घेता परत आलात हे उत्तम केले. ‘बसते म्हणजे चालते’ हे वाक्य आपल्याकडील शस्त्रबाजारातील सर्वांत महागात पडणारे वाक्य आहे.

परवान्यावर जो आकडा असतो तो बोअरचा, म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतल्या व्यासाचा. काडतुसाचे पूर्ण नाव त्या आकड्यात मावत नाही. एका आडनावाची दहा घरे गावात असावीत आणि पत्रावर नुसते आडनाव लिहावे, तशातला हा प्रकार आहे. .३२ या आडनावाची निदान पाच काडतुसे जगात प्रचलित आहेत. त्यांपैकी आपल्या कामाची तीन. पहिले .३२ एस अँड डब्ल्यू, ज्याला बोलताना ‘शॉर्ट’ म्हणतात. ते १८७८ सालचे. दुसरे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, जे स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९६ साली आपल्या नव्या रिव्हॉल्वरबरोबर आणले. तिसरे .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग. हे जॉन ब्राउनिंग यांनी पिस्तुलासाठी, रिव्हॉल्वरसाठी नव्हे, तयार केले. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी .३२ ची रिव्हॉल्वरे लाँग काडतुसासाठी घडवलेली असतात, तर .३२ चे पिस्तूल एसीपी घेते. दुकानदाराने आपल्यापुढे ठेवलेले आखूड काडतूस बहुधा हेच पिस्तुलाचे असावे, कारण आजकाल दुकानांत शॉर्ट क्वचितच दिसते.

आता ते बसते का, हे पाहू. लाँग आणि एसीपी या दोन्हींच्या पितळी नळकांड्याची जाडी बुडाजवळ जवळजवळ सारखीच, म्हणजे सुमारे ८.५५ मिलिमीटर आहे. फरक आहे तो बुडाच्या कडेत. लाँगची कडा ९.५ मिलिमीटर रुंद असते आणि ती नळकांड्याबाहेर स्पष्ट आलेली बोटाला लागते. एसीपीची कडा ९.१ मिलिमीटरची, म्हणजे नळकांड्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम पाव-पाव मिलिमीटर पुढे आलेली असते, कारण पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक सरकायची असतात आणि मोठी कडा तिथे अडकली असती. एवढीशी कडा रिव्हॉल्वरच्या घराच्या, म्हणजे फिरत्या चक्रातील ज्या भोकात काडतूस बसते त्याच्या, तोंडाशी कशीबशी टेकते, म्हणून काडतूस आत पडत नाही आणि पाहणाऱ्याला ते ‘बसले’ असे वाटते.

पण ही कडा पातळही असते. त्यामुळे काडतूस घरात किंचित सैल राहते, घोड्याची सुई टोपीवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या स्फोटकाच्या छोट्या वाटीवर, पुरेशी खोल बसत नाही आणि पाचांतले एखादे उडतच नाही. आपले रिव्हॉल्वर जर मधून मोडून उघडणारे असेल, तर रिकामी नळकांडी वर उचलणारी चांदणी या पातळ कडेवरून निसटते आणि नळकांडे चांदणीखाली अडकून बसते. मग ते काढायला चिमटा आणि चिकाटी दोन्ही लागतात. हे झाले गैरसोयीचे. धोक्याचे कारण निराळे आहे : लाँगसाठी अमेरिकेच्या उत्पादक संस्थेने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा १५,००० पौंड प्रति चौरस इंच आहे, तर एसीपीची २०,५००. म्हणजे आपल्या वडिलांच्या शस्त्रावर, तेही कदाचित चाळीस वर्षे जुन्या, प्रत्येक बाराला एक तृतीयांशाहून अधिक जादा ताण. पहिल्याच बाराला काही फुटते असे नाही, आणि नेमके म्हणूनच लोक ते वापरत राहतात. क्लबात एका सद्गृहस्थांनी अशी पन्नासएक काडतुसे उडवली होती. रिव्हॉल्वर माझ्या हाती आले तेव्हा बिजागरीशी नळी बोटाने हलत होती आणि चक्र बंद स्थितीतही मागेपुढे डोलत होते. स्वस्त काडतुसांत वाचले असतील हजार-दोन हजार. शस्त्र मात्र भंगारात गेले.

ओळखायचे कसे, ते सांगतो. प्रथम रिव्हॉल्वरची नळी आणि चौकट उजेडात धरून त्यावरचा ठसा वाचा. नुसते .३२ असेल तर समाधान मानू नका, पुढे एस अँड डब्ल्यू लाँग किंवा तत्सम अक्षरे आहेत का ते शोधा. नंतर काडतूस उलटे करून त्याचे बूड वाचा. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासून चालू आहे, तयार झालेल्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरे असतात. त्यांच्या शेजारी लाँगवर एस अँड डब्ल्यू एल असे आणि पिस्तुलाच्या काडतुसावर ७.६५ असे उठवलेले दिसेल. भिंग न्या, लाजू नका. शेवटी पट्टीने मोजा. मात्र काडतुसाची एकूण लांबी न मोजता फक्त पितळेची मोजा. लाँगचे पितळ २३.४ मिलिमीटर, एसीपीचे १७.३ आणि शॉर्टचे १५.४ असते. एकूण लांबी फसवते, कारण नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनणाऱ्या सपाट तोंडाच्या लाँग काडतुसात गोळी जवळजवळ पूर्णपणे पितळाच्या आत बुडवलेली असते आणि ते काडतूस वरवर पाहता पिस्तुलाच्या काडतुसाएवढेच, म्हणजे पंचवीसएक मिलिमीटर भरते.

शॉर्ट मिळाले तर? ते लाँगच्या घरात उडवायला सुरक्षित आहे, कडा आणि जाडी त्याच कुळातली असल्यामुळे सैलपणाचाही प्रश्न नाही. फक्त गोळीला नळीत शिरण्यापूर्वी रिकाम्या घरातून उडी मारावी लागते, त्यामुळे नेम थोडा बिघडतो, आणि बरीच शॉर्ट उडवली तर घरात काजळीचे कडे धरते व पुढे लाँग काडतूस अर्ध्यावर अडते. उलट प्रकार, म्हणजे केवळ शॉर्टसाठी बनलेल्या एकोणिसाव्या शतकातील रिव्हॉल्वरमध्ये लाँग घालण्याचा खटाटोप, कोणीही करू नये. तसली रिव्हॉल्वरे काळ्या दारूच्या जमान्यातील पोलादाची आहेत. वारसा म्हणून ती जपावीत. उडवावयाची असतील तर आधी जाणकार आर्मररकडून, म्हणजे शस्त्र-कारागिराकडून, तपासून घ्यावीत.

आता वडिलांच्या पेटीतील पाच काडतुसे. आपण त्यांच्याबद्दल फार विचारले नाही, परंतु परवाना आपल्या नावावर आला म्हणजे ती पाचही आपल्या हिशेबात आली पाहिजेत. त्यांची नोंद आहे का, ते आधी परवान्याच्या पानावर पाहा.

प्रश्न : मी एकटी राहते आणि मला नुकताच परवाना मिळाला आहे. पाचशे ग्रॅम वजनाचे .३२ चे रिव्हॉल्वर घेतले. ओळखीचे लोक म्हणतात की .३२ मध्ये दम नाही, अधिक जोराची काडतुसे घ्या. अमेरिकेतील माझा भाचा दिवाळीला येताना ‘.३२ मॅग्नम’ आणतो म्हणतो. काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भाच्याला आजच फोन करून नको म्हणा, बाकीचे उत्तर सावकाश वाचा. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा देशात आणणे हा गुन्हा आहे. विमानतळावर सामानात एखादे विसरलेले जिवंत काडतूस सापडले तरी प्रवाशाला पोलीस ठाण्यात बसावे लागते; डबाभर काडतुसांची गोष्टच सोडा. शिवाय .३२ एच अँड आर मॅग्नम हे १९८४ सालचे काडतूस मुळात लाँगचेच पितळ वाढवून केलेले आहे : २७.३ मिलिमीटर. आपल्या रिव्हॉल्वरच्या घरात पायरी असेल, म्हणजे ते पुढे अरुंद होत असेल, तर ते पूर्ण आत जाणार नाही. आणि एखाद्या जुन्या, सरळ आरपार भोक पाडलेल्या शस्त्रात गेलेच, तर ते अधिक वाईट, कारण त्याचा दाब त्या शस्त्राने कधी गृहीतच धरलेला नसतो.

आता दमाविषयी. लाँग काडतुसाची नेहमीची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमपेक्षा किंचित कमी, गोल तोंडाची शिशाची असते आणि चार इंची नळीतून सेकंदाला सुमारे २१५ मीटर वेगाने निघते. हे बलदंड काडतूस नव्हे, हे आपले ओळखीचे लोक खरेच सांगतात. पण १८९६ च्या सुमारास न्यू यॉर्कचे पोलीस आयुक्त थिओडोर रूझवेल्ट यांनी, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, आपल्या शिपायांसाठी कोल्ट कंपनीचे .३२ चेच रिव्हॉल्वर निवडले होते. त्यांची अडचण शिपायांना नेम लागत नाही ही होती, आणि सौम्य धक्क्याच्या शस्त्रावर माणूस लवकर शिकतो हे त्यांना ठाऊक होते. कोल्टने त्या काडतुसाला स्वतःचे ‘कोल्ट न्यू पोलीस’ असे नाव दिले, कारण प्रतिस्पर्धी कंपनीचे नाव आपल्या नळीवर कोरणे त्यांच्या जिवावर आले असावे. काडतूस मात्र लाँगच, फक्त गोळीचे नाक थोडे चपटे. जुन्या कोल्टवर ते नाव दिसले तर बिचकू नये. याउलट ‘.३२ लाँग कोल्ट’ हे नाव दिसले तर थांबावे, कारण ते काडतूस वेगळे, बारीक अंगाचे आहे आणि त्याचा लाँगशी काही संबंध नाही.

आपल्या प्रश्नाचा गाभा वजनात आहे. कानपूरचे नेहमीचे .३२ रिव्हॉल्वर सुमारे ७०० ग्रॅमचे असते. २०१४ मध्ये तिथूनच ‘निर्भीक’ या नावाने पाचशे ग्रॅमचे, टायटॅनियम मिश्रधातूचे रिव्हॉल्वर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आले, आणि आपण घेतलेले शस्त्र त्याच वर्गातील दिसते. एकच काडतूस दोन्हींत उडवले तर हलके शस्त्र सुमारे चाळीस टक्के अधिक वेगाने मागे येते. पर्समध्ये जे हलके वाटते ते तळहातावर जड पडते. त्यात या शस्त्रांचा चाप एकाच ओढीत घोडाही उचलतो आणि चक्रही फिरवतो, त्यामुळे ती ओढ लांब आणि जड असते. नवशिक्या हाताची गोळी हुकते ती बहुधा या ओढीत मनगट खाली झुकल्यामुळे. काडतूस मऊ की जोरदार, याचा त्यात वाटा कमी. तेव्हा अधिक जोराच्या काडतुसाने हुकणारी गोळी अधिक जोरात हुकेल, एवढेच होईल.

मी आपल्या जागी असतो तर साधे गोल तोंडाचे, देशी कारखान्याचे लाँग काडतूस घेतले असते. एकाच डब्यातील, एकाच लॉटचे. जिल्ह्याच्या रायफल क्लबात जाऊन प्रशिक्षकासमोर पाच-पाचांच्या फेऱ्यांत तीसएक उडवली असती आणि कागदावर पाहिले असते. लहान रिव्हॉल्वरची माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा उंचवटा, बहुधा नळीवर पक्की घडवलेली असते, ती वरखाली करता येत नाही. म्हणून शस्त्र ज्या वजनाच्या गोळीवर लावलेले आहे तीच गोळी त्याला घालावी. इथे एक गंमत आहे, जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही : जड आणि संथ गोळी कागदावर खाली न लागता वर लागते. ती नळीत अधिक वेळ राहते आणि तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड उचलले गेलेले असते. गोळ्या सातत्याने दोन-तीन बोटे वर किंवा खाली लागत असतील तर स्वतःला दोष देण्यापूर्वी डब्यावरचे ग्रेन वाचा.

आणखी एक तपासणी हलक्या शस्त्रासाठी अवश्य करावी. पाच काडतुसे भरा, चार उडवा, आणि पाचवे न उडवता काढून त्याची लांबी एका नव्या काडतुसाशेजारी ठेवून पाहा. धक्क्याने शस्त्र मागे झटकते आणि न उडालेल्या काडतुसातील गोळी जागच्या जागी राहू पाहते, म्हणजेच पितळातून हळूहळू पुढे निघते. ती घराबाहेर डोकावली तर चक्र फिरायचे थांबते, आणि मग हातात उरतो तो पाचशे ग्रॅमचा खलबत्ता. लाँगमध्ये हे सहसा होत नाही, कारण धक्का सौम्य आहे. पण गोळी पक्की आवळलेली नसलेला एखादा डबा मीही पाहिला आहे. तपासणीनंतर ते पाचवे काडतूस पुन्हापुन्हा त्याच कामासाठी वापरू नका, पुढच्या फेरीत उडवून टाका.

प्रश्न : आमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची .३२ ची काडतुसे चामडी पट्ट्यात ठेवलेली आहेत. काहींवर हिरवा थर आला आहे. लिंबाने घासून वापरता येतील का? (सेवानिवृत्त वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लिंब पन्ह्यासाठी ठेवा. कमावलेल्या चामड्यातील आम्ल आणि कोकणातली दमट हवा या दोन्ही मिळून पितळ खातात. हिरवा थर म्हणजे खाल्लेले पितळच वर आलेले असते. घासल्यावर काडतूस लखलखीत दिसेल, पण भिंत जिथे पातळ झाली ती पातळच राहील. नुसताच काळपट डाग असेल आणि कोरड्या फडक्याने निघत असेल तर हरकत नाही. नख अडकेल असा खड्डा, पितळावर उभी चीर, आत ढकललेली किंवा बोटाने फिरणारी गोळी, अथवा बुडाच्या पातळीपेक्षा वर आलेली टोपी, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर ते काडतूस बाद समजावे. टोपी वर आली असेल तर ती मागच्या पत्र्याला घासून चक्र अडवते.

तेलही लावू नये. गंजू नये म्हणून खोबरेल किंवा मशिनचे तेल चोळणारी मंडळी मला अनेक भेटली. तेल टोपीच्या कडेने आत झिरपते आणि आतले स्फोटक मारून टाकते. अशा अर्धमेल्या काडतुसाचा धोका न उडण्यापेक्षा अर्धवट उडण्यात आहे. एकदा सरावात एका उमेदवाराच्या शस्त्रातून नेहमीच्या कडाडण्याऐवजी फटाका ओला असावा तसा ‘फुस्स’ आवाज आला. तो पुन्हा चाप ओढणार तोच मी हात धरला. चक्र उघडून नळीत पेन्सिल घातली तर ती निम्म्यावर टेकली : टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरून तिथेच बसली होती. मागून दुसरी आली असती तर नळी फुगली असती, कदाचित फाटली असती. म्हणून आवाज किंवा धक्का कमी वाटला की थांबावे, शस्त्र रिकामे करावे आणि नळीतून उजेड दिसतो का ते पाहावे. मुळीच न उडालेल्या काडतुसाबाबत नळी लक्ष्याच्या दिशेने धरून निदान अर्धा मिनिट वाट पाहावी. क्वचित ते उशिरा उडते.

बाद काडतुसे विहिरीत, खाडीत किंवा कचऱ्यात टाकू नका आणि घरी फोडून दारू काढण्याचा विचारही करू नका. ती आपल्या परवान्याच्या हिशेबातील आहेत. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून लेखी पावती घ्यावी. चांगली निघालेली काडतुसे मूळ डब्यात, कोरड्या कपाटात, शस्त्रापासून वेगळ्या कुलपात ठेवावीत. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकली की कोकणातही भागते. चामडी पट्टा शोभेसाठी भिंतीवर टांगा.

प्रश्न : .२२ च्या लहान रिव्हॉल्वरमध्ये .२२ मॅग्नम चालते का? (विद्यार्थी नेमबाज, नाशिक)

उत्तर : नाही. .२२ लाँग रायफल हे १८८७ सालचे आणि .२२ मॅग्नम १९५९ सालचे. मॅग्नमचे पितळ लांबच नव्हे तर जाडही असल्यामुळे ते लाँग रायफलच्या घरात शिरत नाही. घर खरवडून रुंद करून देणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. उलट, मॅग्नमच्या घरात लाँग रायफल सैल बसते आणि पितळ फुटून गरम वायू मागे येतो. इछापूर येथे बनणारे अडीचशे ग्रॅमचे आठ गोळ्यांचे ‘निडर’ लाँग रायफलच घेते. .२२ मध्ये टोपी वेगळी नसते, स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेले असते. ते कडेभर सारखे पसरले नसेल तर काडतूस उडत नाही, आणि हे .३२ पेक्षा इथे जास्त वेळा घडते. घराच्या कडेवर सुई आपटू नये म्हणून .२२ चे शस्त्र रिकामे असताना उगाच चाप ओढत बसू नये. स्पर्धेत पुढे .३२ कडे वळण्याचा विचार असेल, तर पंचवीस मीटरच्या सेंटर फायर (टोपी बुडाच्या मध्यभागी असलेल्या काडतुसांच्या) पिस्तूल प्रकारात, ज्यात जसपाल राणा यांनी १९९४ आणि २००६ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली, जगभरचे बरेच नेमबाज वर उल्लेखिलेले सपाट तोंडाचे लाँग काडतूसच वापरतात. ते कागदाला फाडत नाही, पंचिंग मशिनसारखे स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुणांवरून वाद होत नाहीत. त्यासाठीची स्पर्धेची पिस्तुले वेगळी असतात. त्यांच्याविषयी आपण वेगळे पत्र पाठवावे.